काळी जोडी, लाकडी जोडी

आमच्या घरात आवाज काय तो माझाच, असं अख्खी गल्ली म्हणते. खोटं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात चालली आहे माझी. चार वर्गांना एक खोली आणि एकच बाई, असल्या शाळेत हळू बोलणारी बाई टिकत नाही. पहिलीला गिरवायला बसवून चौथीला भागाकार सांगायचा, तर आवाज मागच्या भिंतीला धडकून परत यायला पाहिजे. तोच आवाज घेऊन मी संध्याकाळी जालन्याला घरी येते, आणि भाजीत मीठ कमी आहे का हेसुद्धा असं विचारते की शेजारीण तिच्या ओट्यावरून उत्तर देईल.

मालक माझ्या उलट. ते एमआयडीसीत रि-रोलिंग मिलमध्ये होते. भट्टीतून लालबुंद लोखंड निघतं, रोलरमधून लांबत जातं, त्याच्या सळया होतात. तिथं इतका गदारोळ असतो की शेजारी उभ्या माणसाशीही बोलता येत नाही. मग सगळी बोली हाताची. मूठ वर केली म्हणजे थांब. अंगठा तोंडाकडं नेला म्हणजे चहा. तळहात छातीवर दोनदा थोपटला म्हणजे सगळं बराबर. ह्या खुणा ते घरीही घेऊन यायचे. गाडी स्टँडवर लावता लावताच अंगठा तोंडाकडं जायचा, की मी आधण ठेवायची. लेक लहान होती तेव्हा तिला ह्याचं भारी कौतुक. परीक्षेहून आली की दारातूनच छाती थोपटायची. पेपर बरा गेला, हे मला त्यावरून कळायचं.

आणखी एक सवय होती त्यांची. कुणी बोलायला लागलं की ते त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचे. मी बोलत असले तर हातातलं काम खाली ठेवून बघायचे. गल्लीतल्या बायांना ह्याचं फार. "मॅडम, तुमच्या मालकासारखा मालक न्हाई बघितला. आमचे हे मोबाइलमधून मान वर करत न्हाईत, अन् तुमचे बघा, जसं काही आजच लग्न करून आणलंय तुम्हाला." मी वरवर म्हणायची, "बघतात नुसतं, करत काहीच नाहीत." पण आतून फुगायची. त्या बघण्याच्या जोरावर मी किती रात्रपाळ्या, किती बदल्या काढल्या ते माझं मला माहीत.

मिलला लागायच्या आधीपासून ते पेटी वाजवायचे. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. जयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाच्या पोराचं नाव ठेवायचंय, बोलावणं येईल तिथं टेम्पोत बसून जायचं. पेटी, ढोलकी, झांज, पुढं एक गाणारा आणि मागं कोरसला आम्ही तिघी. मी नवी नवरी, म्हणून तिसरी, अगदी कडेला. त्या वेळी माझा गळा वर जायचा. एका वर्षी माझ्या माहेरी, टेंभुर्णीला, कार्यक्रम झाला आणि लाउडस्पीकर लावायला आलेल्या मंडपवाल्यानं तो कॅसेटवर भरून घेतला. आमची इस्टेट म्हणाल तर एवढीच.

पुढं पार्टी मोडली. ढोलकीवाला वारला, गाणारा दुसऱ्या गावी कामाला गेला. माझा गळा खडूनं आणि पोरांवर ओरडून पार बसला. आता वरचा सूर लावायला गेले की फाटतो, म्हणून मी गाणं टाकलंच. मालकांनी पेटी माळ्यावर ठेवली. "बोटं आखडली," म्हणाले. मी मानलं. लोखंड ओढणाऱ्याची बोटं, आखडणारच.

पण ते गाणं काही त्यांनी सोडलं नाही. कॅसेटची पेनड्राइव्ह करून घेतली, ती टीव्हीला लावायचे आणि चिडायचे. "ह्या डब्ब्यात जीवच न्हाई. पेटी येती, ढोलकी येती, कोरस येतच न्हाई." टीव्ही बदलला तरी तेच. मोबाइलवर तेच. रिटायर झालो की अस्सल स्पीकर घ्यायचे, हे त्यांचं कित्येक वर्षं चाललं होतं. दुसरी कसली हौस नाही त्या माणसाला. मी म्हणायची, घ्या बाई एकदाचे.

तर रिटायर झाल्यावर एका शनिवारी ते टेम्पोतून खोकी घेऊन आले. एक जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या दोन जोड्या. तो मंडपवाला आता म्हातारा झालाय, आवाजाच्या सामानाचं दुकान चालवतो. जुनी ओळख. त्यानं सांगितलं, दोन्ही न्या, घरी लावून ऐका, आवडंल ती ठेवा, दुसरी पुढच्या सोमवारी परत आणा. दुकानात सगळंच गोड वाजतं, खरं काय ते घरच्या भिंती सांगतात.

एक जोडी काळी, जरा थोराड, पुढचा पडदा मोठा. दुसरी लाकडी रंगाची, लहानखुरी, पुस्तकांच्या कप्प्यात सहज बसेल अशी. मालकांनी मला समजावलं की ह्यांना पॅसिव्ह म्हणतात. ह्यांच्यात स्वतःची ताकद नसते, ॲम्प्लिफायरनं मागून ढकललं तरच बोलतात.

"म्हणजे तुमच्यासारखेच," मी म्हटलं. "मी ढकललं तर बोलणार."

ते हसले. माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून हसले. हे मला आता कळतं.

भिंतीतल्या फळीवरची माझी शाळेची बक्षिसं त्यांनी खाली काढली आणि दोन्ही जोड्या मांडल्या. खाली रबराचे तुकडे घातले, म्हणजे फळी थरथरायला नको. आपण खुर्चीत बसलो की कान जिथं येतो तेवढी उंची धरली. लाल वायर लाल खुंटीला, काळी काळ्या खुंटीला. ॲम्प्लिफायरला दोन बटणं होती. पहिलं दाबलं की काळी जोडी वाजणार, दुसरं दाबलं की लाकडी. सगळं झाल्यावर हात पुसून ते मला म्हणाले, "ज्याच्यात तू बराबर ऐकू येशील, ती ठेवायची. बाकी मला कायबी नको."

मला हसू आलं. कोरसमधल्या तिसऱ्या बाईला कोण ऐकतंय?

मग त्यांनी गाणं लावलं. आधी काळी. ढोलकी अशी आली की फळीवरच्या फोटोची काच वाजली. पेटी भरदार, गाणाऱ्याचा आवाज छातीतून. पण शब्द दबलेले, आणि आम्ही तिघी गोधडीखालून गातोय असं वाटत होतं. मग त्यांनी दुसरं बटण दाबलं. ढोलकी जरा मागं सरली, झांज टोचायला लागली, आणि कोरस आला तेव्हा मी हातातला पिठाचा डबा तसाच धरून उभी राहिले. तिघी वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. कडेला मी. माझा एवढा कोवळा आवाज होता? सगळ्यांच्या वर जाऊन तो तिथं थोडा थांबत होता, आणि मग उतरत होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, का खोटं सांगू. आपलाच आवाज आपल्याला परत भेटतो तेव्हा तो आता आपला राहिलेला नसतो.

मालकांचा एक हात स्पीकरच्या डोक्यावर होता. नजर माझ्यावर. "आली ना?" त्यांनी विचारलं.

"आले की. तुम्हाला नाही आले?"

"आली, आली," म्हणाले, आणि गाणं परत मागं नेलं.

मला वाटलं, झालं, लाकडी ठेवायची. पण त्यांचं ठरेना. मी शाळेतून यावं तर हे फळीसमोर. कधी काळीवर हात, कधी लाकडीवर. बटण इकडं, बटण तिकडं. स्पीकर वीतभर पुढं ओढायचे, परत मागं सारायचे. खिडकीला चादर लावून पाहिली. एकदा कान पडद्याला टेकवून बसले होते. मी तोंड सोडलं. "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात. आणि ह्या डब्ब्यांना आठवडा?" त्यावर नुसते हसले. रोज जरा कमी हसत होते. जेवणही कमी झालं होतं. मला वाटलं, रिटायर माणूस, काम नाही, म्हणून असं करून राह्यलेत.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी एक जोडी परत द्यायची होती. मी म्हटलं, आज निकाल लावायचा. माझी आपली शाळेची रीत. शुद्धलेखन घालताना पोरांनी एकमेकांचं बघू नये म्हणून मी त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवते. तसंच ह्यांना सांगितलं. "खुर्ची फिरवा. भिंतीकडं तोंड. मी बटण दाबीन, तुम्ही फक्त सांगा, पहिली बरी का दुसरी. डब्बा बघून ठरवता तुम्ही, म्हणून ठरत नाही."

"असू दे ना," ते म्हणाले. "तूच सांग कोणती."

"माझ्यासाठी आणलेत का? फिरवा खुर्ची."

"न्हाई जमत मला असं."

माझा स्वभाव मेला हा असा. एकदा म्हटलं की म्हटलं. मी स्वतः खुर्ची धरून फिरवली. आमची फळी दाराच्या भिंतीला आहे, त्यामुळं त्यांची पाठ माझ्याकडं आणि दाराकडं, तोंड पलीकडच्या कोऱ्या भिंतीकडं. दार उघडं, बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती.

मी काळी लावली. थोड्या वेळानं लाकडी. "बोला," मी म्हटलं. काही नाही. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, पेटीवर हलावीत तशी. मला वाटलं, रंगलेत. म्हटलं, एकदा परत. गाणं सुरुवातीपासून काळीवर लावलं आणि थोड्या वेळानं लाकडीचं बटण दाबायला गेले ते घाईत चुकलं. काळीचं बंद केलं आणि लाकडीचं दाबायचं ते नीट बसलंच नाही. दोन्ही जोड्या गप्प. घरात चिमणीच्या आवाजाइतकाही आवाज नाही.

त्यांची बोटं चालूच होती.

"अहो, बंद पडलं," मी म्हटलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला जाईल एवढ्या.

बाहेरून शेजारीण म्हणाली, "काय झालं मॅडम, लाइट गेली का?"

ते वळले नाहीत. मान हलकी डोलत होती. बोटं बराबर ठेक्यात, जिथं आमचा कोरस येतो तिथं थोडी थबकली, मग पुढं गेली. मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. पुन्हा म्हटलं, "अहो." नुसतंच, हळू. गाणं जिथं संपतं तिथं त्यांनी बोटं मिटली, अगदी वेळेवर, आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "ही दुसरी बरी वाटती."

मी समोर गेले. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मला काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

 ते म्हणाले, "मिलमधी सगळ्याचंच जातंय. एकदम न्हाई जात. पहिले झांज गेली. मंग पाखरं. मंग बायामाणसांचे आवाज. पेटीचे वरचे सूर गेले तवा मी पेटी ठेवून देल्ती. आता ढोलकीबी कानाला न्हाई, हातालाच लागती."

"आणि मी? मी बोलते ते?"

"तू दिसतीस ना," ते म्हणाले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मिलमध्ये बोलणाऱ्याचे ओठ वाचायला शिकलेला माणूस, आणि घरात त्याची बायको ही असली, शब्द न् शब्द तोंड उघडून स्पष्ट बोलणारी मास्तरीण. कळणार कसं कुणाला? एकेक गोष्ट आठवत गेली. लेकीचा साधा फोन आला की "तूच बोल" म्हणून मोबाइल माझ्या हातात द्यायचे, आणि व्हिडिओवर तिचं तोंड दिसलं की तासभर बोलायचे. मी चुलीकडं तोंड करून काही सांगितलं की उत्तर नसायचं. लाइट घालवल्यावर अंथरुणात पडून मी दिवसभराचं सांगायची, मन मोकळं करायची, ते हूं की चूं करायचे नाहीत. मी म्हणायची, ह्या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं. किती वर्षं मी अंधाराशीच बोलत होते?

आणि ते बघणं. ज्याच्यावर मी गल्लीत तोरा मिरवला ते बघणं. बाई गं. संसारभर मी त्याला माया समजत आले.

मग मला राग आला. त्यांचा आला, मिलचा आला, आणि त्या आणून मांडलेल्या डब्ब्यांचा सगळ्यात जास्त आला. "ऐकूच येत नाही तर हे आणले कशाला?" मी ओरडले. ओरडून काय उपयोग, तरी ओरडले.

त्यांनी फळीकडं पाहिलं. "मला वाटलं, टीव्ही भंगार हाय म्हणून कोरस येत न्हाई. अस्सल डब्बे आणले तर येईल. एकदा तरी येईल." मग मांडीवरचे हात उलटे करून बघत म्हणाले, "आठ दिवस झाले, लावून राह्यलो. कोणत्याच्यातबी तू आली न्हाईस."

एवढ्या वर्षांत त्या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ते पुसावं की आपले पुसावेत हे मला कळेना.

डॉक्टरकडं मी पुढं नेलं त्यांना. गेलेलं परत येत नाही, असं त्यानं सांगितलं, कानाला मशीन लावून बघा म्हणाला. ते मित्राचं मशीन आधीच लावून बघून बसले होते. "बाजार ऐकू येतो, माणूस न्हाई," म्हणाले. पण ते नंतरचं. त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवलोही नाही. शेजारीण विचारून गेली, लाइट आली का म्हणून. मी म्हटलं, आली.

उन्हं उतरायला लागली तशी मी उठले. एक जोडी बांधायची होती आणि ते खोकं घेऊन आले होते. मी मूठ वर केली. थांबा. त्यांनी खोकं खाली ठेवलं.

मी त्यांची खुर्ची परत फळीकडं फिरवली. स्टूल आणलं आणि फळीपुढं, दोन लाकडी स्पीकरांच्या मधे ठेवलं. बाजूच्या खिडकीतून येणारं ऊन तोंडावर पडेल असं सरकवून घेतलं. दुसरं बटण दाबलं, ह्या वेळी नीट, आणि त्यांच्यासमोर बसले. पेटी सुरू झाली. त्यांची पेटी. त्यांनी एक हात लांब करून स्पीकरवर ठेवला. ढोलकी आली तशी दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. कोरस यायच्या जरा आधी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, टेंभुर्णीच्या त्या मंडपात पेटीवरून वळून बघायचे तसं. तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत होतं, तरी बघायचे. हे मी विसरलेच होते.

मागून माझा तरणा आवाज निघाला. गायचं म्हटलं तर गळा फाटला असता, शेजारीण पुन्हा धावत आली असती. मी नुसते ओठ हलवले. शब्द न् शब्द, वर्गात नव्या पोराला अक्षर दाखवावं तसं तोंड उघडून. वरच्या जागी थांबायचं तिथं थांबले, आणि आवाजाबरोबर उतरले. त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. बोटं कुठं चुकली नाहीत.

गाणं संपलं. त्यांनी स्पीकरवरचा हात काढून घेतला.

"लाकडी ठेवू," मग म्हणाले. "अन् तू सोबत म्हणलीस ना आता, बराबर आलं मला. आवाज अजून तसाच हाय गं तुझा. बिलकुल फाटला न्हाई."

मी आवाज काढलाच नव्हता.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मी काय म्हणते ते वाचायला. मी तळहात छातीवर दोनदा थोपटला.